शुद्ध घरची अंडी

२ सप्टेंबर

आज या घरात माझ्यावर जो अन्याय झाला, त्याची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे. मागच्या पडवीतल्या माझ्या वेताच्या खुर्चीवर कोंबडी बसली आहे.

माझ्या खुर्चीवर! याच खुर्चीत बसून मी आजवर चहा प्यायले, वर्तमानपत्रातलं माझं आठवड्याचं सदर लिहिलं, आल्यागेल्याची यथासांग निंदा केली. आज कप घेऊन गेले, तर उशीवर हेडबाई. आमची सगळ्यात जाडी, तांबडी कोंबडी. पिसं फुगवून, डोळे वटारून, शाळा तपासणीला आल्यासारखी. हात लावला तर टोचलं. खुडूक झाली आहे. म्हणजे आता अंडी उबवून पिल्लं काढल्याशिवाय बाईसाहेब जागा सोडणार नाहीत.

आमचे हे म्हणाले, "हलवू नकोस हं, बैठक मोडेल तिची." उभ्या संसारात माझी बैठक मोडेल अशी काळजी या माणसाने कधी केल्याचं स्मरत नाही.

सून म्हणाली, "आई, तुम्ही माझी खुर्ची घ्या ना." सातव्या महिन्यातल्या पोरीची खुर्ची काढून घेऊ? तेवढी सासू मी अजून झालेले नाही. हेडबाईखाली नऊ अंडी सरकवली. चहा उभ्याने प्यायले.

४ सप्टेंबर

सदर लिहून दिलं. विषय पुन्हा कोंबड्याच. संपादक म्हणतो, "बाई, आता माणसांवरही लिहा." माणसांवर लिहिलं की माणसं भेटायला येतात. कोंबड्या येत नाहीत.

आणि का लिहू नये? माझ्या परसात औषधाचा थेंब नाही. पाण्यात ठेचलेला लसूण, जखमेला हळद, खुराड्यात कोरडा पाचोळा, खायला धान्य, भाजीचे देठ, खतातल्या अळ्या. आणि उवा होऊ नयेत म्हणून राखेचा खड्डा. आमच्या आईच्या कोंबड्या राखेत लोळायच्या, त्यांना कधी ऊ लागली नाही. पण गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरात राख आणायची कुठून? तर कोपऱ्यावरच्या सुताराकडून. त्याच्या दुकानामागे चूल आहे. तिच्यावर लाकूड चिकटवायचा सरस शिजतो आणि चहाही. भांडी वेगळी आहेत असं तो सांगतो. राख मात्र अस्सल लाकडाची, मऊ, पिठासारखी. या उन्हाळ्यापासून पोत्याने आणते आहे. कोंबड्या त्यात अशा काही लोळतात की बघत बसावं. लोळतात, फडफडतात, मधूनच चोचीने टिपतात.

मुलगा समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरीला. या खेपेला जाताना म्हणाला, "आई, हिच्याकडे बघ." बघते आहे. रोज दोन उकडलेली अंडी, मीठ-मिरपूड लावून, सोलून. पहिला मान सुनेचा. उरली तर आमची. उरत नाहीत.

ती वाटी घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसते. "आत वास सहन होत नाही हो आई, मोकळ्यावर खाते." खाऊ दे. वाटी रिकामी येते, मला तेवढं पुरे.

८ सप्टेंबर

कुंपणापलीकडच्या गुलाबवाल्यांनी आज पुन्हा पंप काढला. हे गृहस्थ निवृत्त झाले, बायको गेली, आणि तेव्हापासून गुलाब हेच त्यांचं कुटुंब. संध्याकाळी पितळी पंप घेऊन फुस्स-फुस्स-फुस्स. वारा नेमका आमच्याकडे.

"काय मारताय?" मी कुंपणावरून.

"साबणाचं पाणी आहे वहिनी. माव्याच्या किडीसाठी."

साबणाचं पाणी! म्हणे! माणूस सुकत चाललाय, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो अंगावर. त्या फवाऱ्याचाच प्रताप असणार.

आणखी एक. सून त्यांच्याशी बोलते. मी स्वयंपाकघरातून पाहिलं. पायरीवरून उठून कुंपणापाशी गेली, हसली, काहीतरी बोलली. विचारलं तर म्हणे, "काकांचं एकट्याचं जेवण म्हणजे काय हो आई, खिचडी नाहीतर पाव." घरात फितुरी सुरू झाली आहे.

११ सप्टेंबर

लगबग कोंबडी बसून आहे. ही पोर कधी बसत नाही, म्हणून तर हे नाव. आज धान्य टाकलं तर बाकीच्या धावल्या, ही पंख लोंबवून भिंतीशी. विष्ठा हिरवी. लसणाचं पाणी चमच्याने पाजलं.

हे म्हणाले, "गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवूया?"

"म्हणजे त्या सुई टोचणार. मग ती अंडी सुनेला द्यायची?"

गप्प बसले. मी असं बोलले की हे गप्पच बसतात. एरवी मला ते आवडतं.

१२ सप्टेंबर

दुपारी अंडी तपासली. हेडबाईच्या चोचीचा मार खात एकेक काढलं, कोठीच्या खोलीचं दार लावलं आणि बॅटरीच्या तोंडावर धरलं. या दिवसांपर्यंत आत लाल शिरांचं जाळं दिसायला हवं, मधे एक हलणारा ठिपका.

पहिलं – काही नाही. नुसता पिवळा उजेड. दुसरं – तेच. तिसऱ्यात लालसर कडं होतं. म्हणजे सुरू झालं होतं, आणि थांबलं. चौथं. पाचवं.

मागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. सून. दारात, पोटावर हात ठेवून. केव्हा आली कळलंच नाही.

"एकही नाही का हो आई?"

"आहेत ना! दोन आहेत." धादांत खोटं. बॅटरी विझवली. "जा, पड जरा. कोंबड्यांचं काय बघत बसायचं."

नऊच्या नऊ अंडी परत हेडबाईखाली ठेवली. काढून टाकायला धीर होईना. ती बसली आहे निवांत. माझ्या खुर्चीत.

१३ सप्टेंबर

लगबग गेली. सकाळी खुराडं उघडलं तर पाय वर करून. मीच पुरली, लिंबाच्या झाडाखाली. सुनेला सांगितलं, मुंगसाने नेली.

१४ सप्टेंबर

लिहिलं. एका बैठकीत, म्हणजे एका उभ्यात. 'फवारेवाले'. छान उतरलंय. फुलांवर प्रेम करता करता जिवंत प्राण्यांचा जीव घेणारी एक सज्जन जमात! नाव कुणाचंच घेतलेलं नाही. पण आमच्या गल्लीत गुलाब एकाच घरी आहेत.

ह्यांनी वाचलं. म्हणाले, "खात्री आहे तुझी?"

"मग कोंबडी काय हौस म्हणून मेली?"

१८ सप्टेंबर

छापून आलं. सकाळपासून फोन. किराणावाला म्हणाला, "काय लिहिलंय बाई! त्यांना विचारलं मी, काय काका, आज कोणाचा नंबर?" मी हसले. हसायला नको होतं, पण हसले.

दुपारी ते कुंपणापाशी आले. हातात वर्तमानपत्राची घडी.

"वाचलं वहिनी. चांगलं लिहिता."

"सुचलं."

"साबणाचं पाणी आहे हो ते. हवं तर मी पिऊन दाखवतो."

"प्या ना. तुम्ही प्या, मी बघते. कोंबडीला तरी कुठे विचारलं होतं तुम्ही?"

काहीतरी बोलणार होते. नजर आमच्या मागच्या पायरीकडे गेली, तिथे सून बसली होती, वाटी मांडीवर. मग नुसतं "बरं" म्हणाले आणि गेले.

भांडणात समोरचा "बरं" म्हणून गेला की जिंकल्यासारखं वाटायला हवं. वाटलं नाही.

सून रात्री जेवली नाही धड. "आई, असं लिहायला नको होतं." मी म्हटलं, तू दोन जिवांची, तू जेव. राजकारण मी बघते.

२० सप्टेंबर

आज अध्यक्ष आरवला नाही. अध्यक्ष म्हणजे आमचा कोंबडा. अंधार असतानाच उठून सगळ्या जगाला उद्देशून भाषण करतो, म्हणून अध्यक्ष. त्याने आजवर माझ्या झोपेचं खोबरं केलं आणि आज मी पांघरुणात त्याची वाट बघत पडले होते. जाऊन पाहिलं तर मान वाकडी, उभा राहतो आणि पडतो. आमची बुटकी कोंबडी तर मेलेलीच होती.

ह्यांनी मला न विचारता डॉक्टरीणबाईंना फोन केला. मी गप्प बसले. एकदा माझाही नंबर.

त्या आल्या. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड.

"औषध काय देता?"

"एकही नाही," मी सवयीने मान ताठ करून.

"मग काय देता?"

सगळं सांगितलं. लसूण, हळद, पाचोळा, अळ्या. त्या ऐकत ऐकत परसभर फिरल्या. कुंपणापाशी गेल्या तेव्हा मी म्हटलं, "तिकडूनच येतं." त्यांनी गुलाबांकडे पाहिलं. "माव्याने पानं वळलीत त्यांची. जहाल औषध मारलं असतं तर हा मावा राहिला असता का?" आणि वळून राखेच्या खड्ड्याशी उकिडव्या बसल्या. चिमूट उचलली. बोटांत चोळली. तळहात माझ्यासमोर धरला.

"हे काय?"

राखेत निळी खपली. टिकलीएवढी. शेजारी आणखी एक, पिवळसर.

"लाकडाचीच राख आहे," मी म्हटलं.

"लाकडाला निळा रंग?"

बुटकीला पिशवीत घालून घेऊन गेल्या. राखही. आणि सकाळची अंडी.

२१ सप्टेंबर

सुताराकडे गेले. चुलीत दाराची चौकट जळत होती. निळी.

"हे कुठलं लाकूड?"

"जुनी घरं पाडतात ना ताई, त्यांची दारं-खिडक्या. चांगलं लाकूड मी ठेवतो, सडकं चुलीत. रंगाचे थर बघा, आजोबा-पणजोबांच्या काळातले! काय पेटतं म्हणून सांगू!"

"आणि मला राख द्यायचास ती हीच?"

"मग काय, तुमच्यासाठी चंदन जाळू?" हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "तुम्ही तर म्हणालात कोंबड्यांना अंघोळीला पाहिजे. खातात की काय त्या?"

खातात. लोळतात, फडफडतात, मधूनच टिपतात. मीच लिहिलंय ते. इथे, चार तारखेला. कौतुकाने.

मी निघताना त्याने चुलीवरच्या चहाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चहाला काही होत नाही ना ताई?" मला माहीत नव्हतं. सकाळपासून मला काहीच माहीत नाही.

घरी येऊन ह्यांनी आणि मी खड्डा उपसला. राख पोत्यांत भरली, वरची मातीही. तोंडाला फडकी बांधून. सुनेने विचारलं तर सांगितलं, खड्ड्यात मुंग्या झाल्यात.

आजपासून अंडी बंद. "कोंबड्या देत नाहीत गं सध्या." तिने मान डोलावली. चेहऱ्यावर काय होतं? सुटकेसारखं काहीतरी. डोहाळे, दुसरं काय.

२४ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. शिसं. जुन्या रंगात असायचं ते. बुटकीच्या काळजात-मूत्रपिंडात भरलेलं. राखेत तर विचारूच नका. "अंड्यातही उतरलंय." मग थांबल्या. "अंडी कोण खातं घरात?"

मी फोन हातात धरून उभी. समोर सून वाळलेले कपडे घडी करत होती. बाळाची दुपटी. काठाला काठ लावून, हाताने सुरकुती मोडत.

"आम्हीच खातो," म्हटलं.

"गरोदर बाई, लहान मूल कोणी आहे का?"

उत्तर दिलं. माझाच आवाज मला परक्यासारखा वाटला.

"उद्याच रक्त तपासा. घाबरू नका, पण उद्याच."

घाबरू नका म्हणणाऱ्या माणसाला काय कळतं? पोटातल्या बाळाच्या मेंदूला धोका असतो म्हणे. किती खाल्लं, किती दिवस, त्यावर आहे सगळं. मी मोजायला बसले नाही. वाटी माझ्याच हातची होती.

२५ सप्टेंबर

सुनेच्या डॉक्टरांना आधी एकटीने भेटले, सगळं सांगितलं. त्या रागावल्या. "तिला सांगायला हवं."

"रिपोर्ट आला की त्याच वेळी सांगते. तेवढे चार दिवस तिला झोपू द्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "चारच."

सुनेला सांगितलं, नेहमीची तपासणी. मग एकटीच्या दंडात सुई कशाला म्हणून आम्ही दोघांनीही रक्त दिलं. ती हसली. "आई, अहो, तुमचा कितवा महिना?" ह्यांनाही हसू आलं. मी भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत राहिले. गुटगुटीत, बिनदाताचं.

२६ सप्टेंबर

अध्यक्षही गेला. काय शांत झालं परस.

२७ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई येऊन उरलेल्या तिघींना औषध टोचून गेल्या. हेडबाईला खुर्चीवरून मीच उचललं. खालची अंडी तशीच थंड, जड. पिशवीत बांधून दिली. माझ्या परसात औषधाचा पहिला थेंब माझ्याच हातांनी धरलेल्या कोंबडीत गेला. यावर एरवी सबंध सदर झालं असतं.

वर्तमानपत्राला खुलासा लिहायला बसले. 'मागील अंकातील लेखात' इथपर्यंत येते आणि अडते. आयुष्यभर दुसऱ्यांची सालं काढली, स्वतःची काढायला सुरी चालत नाही. ह्यांनी मागून वाचलं.

"आधी त्यांच्याकडे जाऊन ये. मग छाप."

"आधी सुनेचा रिपोर्ट येऊ दे. एका वेळी एकाच ठिकाणी मरता येतं मला."

खांद्यावर हात ठेवून उभे राहिले थोडा वेळ. इतक्या वर्षांत या माणसाचा हात एवढा जड कधी लागला नव्हता.

पलीकडे पंप वाजला नाही आज. कालही नाही.

२९ सप्टेंबर

रिपोर्ट!

सुनेचा अगदी स्वच्छ. शिसं नावालासुद्धा नाही! आमच्या दोघांच्यात थोडं सापडलं, राख हाताळल्याने असेल, काळजीचं नाही म्हणे, उतरेल. पण तिच्यात काही म्हणजे काही नाही! डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. "नशीब," म्हणाल्या. "एवढी अंडी खाऊन हे आश्चर्यच आहे."

आश्चर्य कसलं? पोरीचं रक्तच चांगलं. मी रिक्षात रडले, रिक्षावाल्याने सुटे पैसे नकोत म्हणून सांगितलं. ह्यांना फोनवर नीट बोलताच येईना. घरी आले तर सून झोपलेली, कुशीवर, तोंड उघडं. उठवलं नाही. सांगायचं कबूल केलंय आज, पण आता उठल्यावर. झोपू दे. सगळं संपलं आहे, आता काय घाई?

संध्याकाळी ती उठली तर तिची मैत्रीण आलेली. मग जेवणं. उद्या सकाळी सांगते. हसेल आणि म्हणेल, अहो आई, किती नाटकी तुम्ही!

३० सप्टेंबर

सांगितलं. हसली नाही.

"आई, मी अंडी खाल्लीच नाहीत हो. पहिल्याच आठवड्यात मळमळायला लागलं. तुम्ही एवढ्या प्रेमाने द्यायचात, नाही कसं म्हणू? मी रोज कुंपणावरून काकांना देत होते. दोन्ही."

मी चप्पल घातली आणि पलीकडे गेले. दार उघडायला त्यांना वेळ लागला. उंबऱ्यातच सगळं सांगितलं – राख, शिसं, सदर, सगळं. एवढं भांडलो, मी त्यांना गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, आणि या माणसाने एकदाही म्हटलं नाही की तुमचीच अंडी खातोय. सून सापडेल म्हणून. ते दाराला धरून ऐकत राहिले.

मग म्हणाले, "चवीला फार चांगली होती हो."

रिक्षाने त्यांना तपासणीला नेलं. रांगेत शेजारी बसले. नंबर आला तेव्हा ते खिसा चाचपायला लागले, हात कापत होता. वयाने की माझ्या अंड्यांनी, ते चार दिवसांनी कळेल. "राहू द्या वहिनी, मी देतो. आधीच एवढी अंडी फुकट खाल्लीत तुमची, ते कसं फेडायचं तेच कळत नाही."

मी खिडकीत पैसे सरकवले आणि पावतीवर त्यांचं नाव घालायला सांगितलं.

"फिटलं," म्हटलं.

त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.